दहा चिमटी मीठ

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण गेल्या वर्षापर्यंत आमच्या स्वयंपाकघरात माझ्याकडे एकच काम होतं. अख्खा भोपळा बाईनं कापायचा नाही, पहिली सुरी घरातल्या पुरुषानं लावायची, अशी आमच्याकडे रीत आहे. त्यामुळे नवरात्राच्या आसपास बायकोची हाक यायची, "अहो, भोपळा!" मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठायचो, सुरी खुपसून भोपळ्याच्या दोन फाकी करायचो आणि गड सर केल्यासारखा पुन्हा खुर्चीत येऊन बसायचो. पुढचं सगळं तिचं. पानात घारगे पडले की मात्र ते आपणच केलेत अशा थाटात मी ते खात असे.

बाकीचं आयुष्य मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात काढलं. सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, बसला तर बसला, नाही तर परत. केसाच्या जाडीचा फरक असला तरी मी माल परत पाठवायचो आणि त्यावरून भांडायचोही. माझ्या हाताखालची पोरं मला मागे काय म्हणायची ते मला ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर मापायला काही उरलं नाही, तेव्हा मी घरातले दरवाजे, दुधाच्या पिशव्या आणि शेजाऱ्यांच्या पार्किंगची रुंदी मापू लागलो. बायकोनं कपाळाला हात लावला.

तिचा जीव मागच्या बागेत होता. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं रो हाऊस आहे आणि मागे दहा-बारा फुटांची मातीची पट्टी. तिचं माहेर सिन्नरकडचं, शेतीतलं. दर उन्हाळ्यात भावाकडून ती बियांच्या पुरचुंड्या आणायची आणि मृगात लावायची. कंपाउंडच्या भिंतीवर गिलकी आणि वालपापडी, कोपऱ्यात भोपळा, मधल्या वाफ्यात अंबाडी, लाल माठ, दोन वांगी, कडेनं रताळ्याचा वेल. आश्विन लागला की सगळं एकदम यायचं आणि आमच्या घरी बाजारातून भाजी आणणं म्हणजे गुन्हा ठरायचा.

गेल्या श्रावणात एका सकाळी ती गिलक्याच्या वेलाला दोरी बांधत होती. दोरी हातातून सुटली. तिनं उचलली, पुन्हा सुटली. मला हाक मारली तेव्हा शब्द जड येत होते. अर्धांगाचा सौम्य झटका, डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. खरंच नशीब. आठवड्याभरात बोलणं पूर्ववत झालं, पंधरा दिवसांत ती घरभर चालू लागली. खांदा आला, कोपर आलं. राहिली ती उजव्या हाताची बोटं. अंगठा आणि तर्जनी जवळजवळ यायची आणि थबकायची. त्यांत काही धरलंच तर गळून पडायचं. जेवताना ती डाव्या हातात चमचा धरू लागली.

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. तिनं मला बाहेर व्हरांड्यात नेऊन स्पष्ट सांगितलं, "काका, हे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे आहेत. आत्ता बोटांकडून काम करून घेतलं नाही तर ती अशीच राहतील." तिनं दाबायला एक पिवळा मऊ चेंडू दिला होता. बायकोनं तो तीन दिवस दाबला. चौथ्या दिवशी खिडकीतून थेट अंबाडीच्या वाफ्यात भिरकावला.

"मी काय बालवाडीत आहे का?" ती म्हणाली. "हात गेला माझा. आता ते स्वयंपाकघर ज्याला कुणाला सांभाळायचंय त्यानं सांभाळावं."

तेव्हापासून ती हॉलमध्ये ओट्याकडे पाठ करून बसू लागली. मी घाबरलो. तेहेतीस वर्षं ज्या बाईनं मला पाण्याचा ग्लास कुठे असतो हे कळू दिलं नाही, ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हती. नुसता हात गेला असता तर चाललं असतं, मी होतो ना. तिचं मन उठलं होतं, आणि ते परत कसं बसवायचं हे मला कुठल्याच कारखान्यानं शिकवलं नव्हतं.

पोळ्यांना एक मावशी लावल्या. त्या पेठकडच्या, तोंडाच्या फटकळ, कामाला वाघ. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, पोळ्या करीन, भांडी घाशीन. भाजी तुमची तुमी बघा. मला अजून चार घरं हायेत."

बागेला आमच्या घरात काय झालंय याचा पत्ता नव्हता. भादवा संपता संपता गिलकी लोंबू लागली, वालपापडीला शेंगांचे घोस आले. बायको ओट्याकडे पाहत नसे, पण खिडकीतून बागेकडे पाहायची आणि कासावीस व्हायची. "ते डावीकडचं गिलकं आज काढलं नाहीत तर उद्या जून होईल," ती म्हणायची. मी काढायचो. काढल्यावर त्याचं काय करायचं हा प्रश्न उरायचा.

मग मीच पदर खोचला, म्हणजे टॉवेल कमरेला गुंडाळला. हॉलच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात उभा राहून मी प्रश्न विचारायचो आणि ती पाठमोरी उत्तरं द्यायची.

"तेल किती?"

"पुरेल एवढं."

"किती वेळ परतू?"

"होईपर्यंत."

"झालं हे कसं कळणार?"

"कळतं."

अशी उत्तरं देणाऱ्या माणसांना मी कारखान्यात दुसऱ्या खात्यात पाठवलं होतं. पहिली भाजी करपली, दुसरी कच्ची राहिली. मी सुरीला, कढईला आणि गॅसच्या शेगडीला दोष दिला. "नाचता येईना अंगण वाकडं," ती पाठमोरीच म्हणाली.

घटस्थापनेनंतर पहिला भोपळा उतरवला. मी रीतीप्रमाणे सुरी खुपसली, दोन फाकी केल्या आणि सवयीनं खुर्चीकडे निघालो. अर्ध्या वाटेत थांबलो. आता पुढचंही आपलंच आहे हे तेव्हा खरं ध्यानात आलं. चार-पाच किलोंचा तो भोपळा. थोडा मावशींना दिला, थोडा शेजारी दिला, तरी परात भरून उरला. घारगे तळण्याची माझी हिंमत नव्हती.

पुण्याहून मुलीचा फोन आला तेव्हा मी रडगाणं गायलं. ती म्हणाली, "बाबा, केक कर. ओव्हन दिलाय ना मी तुम्हाला." तिनं चार वर्षांपूर्वी दिलेल्या त्या ओव्हनमध्ये आम्ही पापड भाजत होतो आणि गार चहा गरम करत होतो. तिनं कृती पाठवली. मी चष्मा लावून वाचली आणि मला भडभडून आलं. गव्हाचं पीठ दोनशे ग्रॅम. भोपळ्याचा गर अडीचशे ग्रॅम. गूळ दीडशे. तेल शंभर मिलिलिटर. बेकिंग पावडर पाच ग्रॅम. एकशे ऐंशी अंश, चाळीस मिनिटं. इतक्या वर्षांत स्वयंपाकघरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोलत होतं.

मी मुलीचाच जुना किचनचा वजनकाटा पुसून घेतला. गर कुकरमध्ये वाफवला, घोटला, एकेक जिन्नस काट्यावर ठेवला. शेवटच्या ओळीपाशी आलो. तिथे लिहिलं होतं, 'आणि चिमूटभर मीठ.'

मी तिथल्या तिथे फोन लावला. "चिमूट म्हणजे किती ग्रॅम?"

"बाबा! चिमूट म्हणजे चिमूट!" आणि तिची मीटिंग होती म्हणून तिनं फोन ठेवला.

मला राग आला. सगळं मापून झालेलं आणि शेवटी अशी फसवणूक. माझी चिमूट घ्यावी तर ती कुणी प्रमाण ठरवली होती? या घरात प्रमाण म्हणावी अशी चिमूट एकच होती. मी मिठाची बरणी, वाटी आणि काटा घेऊन हॉलमध्ये गेलो आणि बायकोसमोर ठेवला.

"एक चिमूट टाक यात."

"डाव्या हातानं टाकते."

"आयुष्यभर कुठल्या हातानं टाकलंस?"

"उजव्या."

"मग उजव्याच हातानं टाक. साधन बदललं की माप बदलतं."

खोटं कशाला सांगू, तिचा व्यायाम वगैरे माझ्या डोक्यात औषधालाही नव्हता. मला आकडा हवा होता. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू झटका मला येऊन गेलाय. तरी हात बरणीत घातला. बोटांनी मीठ धरलं, निम्मं सांडलं, निम्मं वाटीत पडलं. काट्यावर शून्य. अर्थातच, तो काटा एका ग्रॅमच्या खाली काही दाखवतच नाही. यावर आमच्या खात्यात सोपा तोडगा असतो.

"दहा टाक," मी म्हणालो. "दहांचं वजन करू आणि दहानं भागू."

ती हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा हसली. "तुमचं हे मापणं लग्नाआधी बघितलं असतं तर मी या घरात आलेच नसते," ती म्हणाली, पण तिनं दहा चिमटी टाकल्या. बराच वेळ लागला. सतरंजीवर मिठाचा सडा पडला. दहा चिमट्यांचे झाले दोन ग्रॅम. मी कॅलेंडरच्या कोऱ्या कडेला लिहून टाकलं, एक चिमूट म्हणजे शून्य पूर्णांक दोन ग्रॅम. प्रश्न सुटला.

केक सुरेख झाला. मधे थोडा बसला, कारण दर पाच मिनिटांनी दार उघडून मी त्यात तिची विणायची सुई खुपसून पाहत होतो. तिनं दोन तुकडे खाल्ले. "गर अजून जरा आटवायला हवा होता," ती म्हणाली. तिनं स्वयंपाकात खोट काढली याचाच मला इतका आनंद झाला की मी वाद घातला नाही.

आता मला किल्ली सापडली होती. ती दारापलीकडून चिमट्यांत सांगायची आणि मी कॅलेंडरवरच्या आकड्यानं गुणायचो. पाव किलो वालपापडीला पाच चिमटी, म्हणजे एक ग्रॅम. अंबाडीला पाच, एक ग्रॅम. गिलक्याला चार, कारण गिलकं आटतं. सगळं काट्यावर. भाज्या दिसायला झकास होऊ लागल्या. करपणं थांबलं. पण चवीला काहीतरी कमी पडत होतं. मी ठरवून टाकलं की वय झालं, जीभ गेली. बायको चमच्यानं चार घास खायची आणि ताट सारायची. मी विचारायचो, "कशी झाली?" ती म्हणायची, "चांगली आहे." तिनं खोट काढणं पुन्हा सोडलं होतं आणि त्याची मला धास्ती वाटू लागली होती.

असे दहा-बारा दिवस गेले. एक दिवस मावशींना सकाळपासून काही खायला मिळालं नव्हतं, म्हणून मी त्यांना दोन पोळ्या आणि वालपापडीची भाजी वाढली. त्यांनी एक घास घेतला आणि चावायचं थांबवलं.

"काका, ह्याच्यात मीठ नाय."

"आहे. मोजून टाकलंय."

"मग मोजताना कुठंतरी लय चुकलंय. गायीला घाला, गायबी तोंड फिरवंल."

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. "तुला कळत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "मला वाटलं, डॉक्टरांनी मीठ बेतानं खा म्हटलंय, म्हणून तुम्ही मुद्दाम कमी टाकताय. माझ्यासाठी तुम्हीही अळणी खाताय, मग बोलू कशी? तुम्हाला नव्हतं कळत?"

"मला वाटलं माझीच जीभ गेली."

म्हणजे दोन आठवडे आम्ही दोघं समोरासमोर बसून, मिठाचा पत्ता नसताना मिठाची गुळणी धरून होतो. मावशी पदराआड हसू लागल्या. बायकोही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग मी कॅलेंडरपाशी जाऊन आकडा पाहिला आणि न विचार करता मोठ्यांदा बोलून गेलो, "चिमूटच मुळात कमी मापली गेलीय."

तिचं हसू थांबलं. तिनं उजवा हात मांडीवर ठेवून पाहिला. "माझी चिमूटच आता तेवढी राहिली," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. माझ्या जिभेला हाड नाही हे मला नव्यानं कळलं. मावशी ताट उचलून आत गेल्या.

मला मायेनं बोलता येत नाही. कधीच आलं नाही. मला जे येत होतं तेच मी बोललो. "हे बघ," मी म्हणालो, "एखादं साधन निम्मं माप दाखवत असेल तर आम्ही ते फेकून देत नाही. आकड्याला दोननं गुणतो. तुझी चिमूट निम्मी पडते ना? मग पाचच्या जागी दहा टाकायच्या. आणि यापुढे मी नाही टाकणार. तूच येऊन कढईत टाकायच्यास."

"ओट्याशी उभी राहू?"

"स्टूल देतो."

ती उठून खिडकीपाशी गेली. मी रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. सकाळी मी लाल माठ चिरून फोडणी केली आणि पाहतो तर ती दारात. "अळणी खाऊन वीट आलाय," ती म्हणाली. मी स्टूल ओढलं, गॅस बारीक केला. तिनं बरणीत हात घातला.

"लाभ," ती म्हणाली.

तिच्या माहेरी खळ्यावर धान्य मापताना एक म्हणत नाहीत, पहिल्या मापाला लाभ म्हणतात. मी तेहेतीस वर्षांत तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. "लाभ, दोन, तीन," असं करत तिनं दहा चिमटी टाकल्या. काही मीठ ओट्यावर सांडलं, काही तिच्या मांडीवर. भाजी खाली थोडी लागली. पण त्या दिवशी जेवताना आम्ही दोघांनी दोनदा भाजी वाढून घेतली.

पुढे रोज तेच. रोज सकाळी एक भाजी, दहा चिमटी, कधी आमटी असली तर आणखी दहा. स्टुलावर बसली की तिला गप्प बसवत नसे. गॅस मोठा करा. मोहरी तडतडू द्या, घाई कसली. गिलक्याच्या साली टाकू नका, तीळ घालून चटणी करा. ती दुसरा केक रताळ्याचा करू म्हणाली आणि जायफळ तिनं सांगितलं तेवढं घातलं तेव्हा तो पहिल्यापेक्षा सरस झाला. जेवणाला चव येऊ लागली. त्याचं श्रेय मी अर्थातच माझ्या दुपटीच्या हिशेबाला दिलं आणि फोनवर मुलीला ऐकवलंही.

दिवाळीला मुलगी आणि जावई आले. आठ दिवस मला ओट्याजवळ उभं राहू दिलं नाही. आत मायलेकींच्या गप्पा चालायच्या, तळणीचा वास यायचा. मी जावयाला कंपाउंडच्या भिंतीची उंची समजावून सांगत होतो. भाऊबीज झाली, ती दोघं पुण्याला गेली. सकाळी पाणी गार लागू लागलं होतं आणि वालपापडीच्या वेलावर शेवटचा घोस उरला होता.

तो मी काढला. वाफ्यातली दोन वांगी घेतली आणि काळा मसाला घालून भाजी टाकली. बायको येऊन स्टुलावर बसली. लाभ, दोन, तीन, दहापर्यंत. पान वाढलं. मी पहिला घास घेतला आणि आधी पाण्याचा ग्लास उचलला.

"किती टाकलंस?" माझा आवाज चढलाच.

"दहा. तुमच्या समोर तर मोजल्या."

"मग एवढी खारट कशी? मुलीनं मीठ दुसरं आणलंय का?"

मी उठून पिशवी पाहिली. मीठ तेच. भाजी नेहमीएवढीच, पाव किलोला वर दोन वांगी. चिमटी दहाच. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. बाकी सगळं तेच असताना माप चुकलं तर साधन तपासायचं, दर महिन्याला न चुकता तपासायचं, यासाठी मी कारखान्यात किती पोरांवर ओरडलो असेन. आणि घरी मी एकदा आकडा लिहिला तो लिहिला, पुन्हा म्हणून तपासला नव्हता.

मी काटा, वाटी आणि बरणी घेऊन तिच्या पानाशी बसलो.

"टाक."

"आत्ता? जेवताना?"

"टाक म्हणतो ना."

डाव्या हातातला चमचा खाली ठेवून तिनं उजवा हात बरणीत घातला. लाभ. मी पुढचे आकडे ऐकलेच नाहीत, मी तिची बोटं पाहत होतो. अंगठा आणि तर्जनी मीठ धरत होती, वाटीवर आल्यावरच सोडत होती. टेबलावर एक कण पडला नाही. दहा झाल्या. काट्यावर पाच आले. मी वाटी रिकामी केली, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा टाकायला लावल्या. पुन्हा पाच.

मला रडू आलं. तिच्यासमोर मी असा कधी रडलो नव्हतो.

"किती?" तिनं विचारलं.

मी काटा तिच्याकडे फिरवला. तिनं आकडा वाचला. मग अंगठा आणि बोट जुळवून पाहिलं, सोडलं, परत जुळवलं. बराच वेळ ती तेच करत राहिली.

शेवटी ती उठली आणि कढई उचलून ओट्याशी गेली. "दोन बटाटे काढा," ती म्हणाली. "उकडून घातले की खारटपणा निघेल." मी बटाटे काढले, धुतले आणि सुरी शोधू लागलो.

"तुम्ही नका करू," ती म्हणाली. "व्हा बाजूला."

मी बाजूला झालो.